चिनी काका आणि अर्धा मासा

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या चिनी काकांइतका जेवणाच्या बाबतीत कर्मठ माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही, आणि मी चार वर्षं पुण्यातल्या मेसमध्ये जेवलेलो आहे. काका सत्तरीचे, ठेंगणे, विधुर. जर्मनीतल्या आमच्या रेगेन्सबर्ग शहरातला जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस, मला धरून, मोटारींच्या कारखान्यात पोटाला लागलेला आहे. काकांनी मात्र तीस वर्षं इथल्या एका हॉटेलात स्वयंपाकी म्हणून काढली. तीस वर्षं त्यांनी बव्हेरियन लोकांना गोड सॉसमध्ये बुडवलेलं बदक खाऊ घातलं आणि स्वतः त्याचा एक तुकडाही तोंडात घातला नाही. "ते गिऱ्हाइकांसाठी असतं," ते मला म्हणाले होते, "खायचं नसतं." जिन्यात भेटले की ते 'कसा आहेस' असं विचारत नाहीत, 'जेवलास का' असं विचारतात. पहिल्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी पायरीवरच थबकलो, कारण जर्मनीत येऊन मला पाच वर्षं झाली होती आणि हा प्रश्न मला इथे कुणी विचारला नव्हता. पण त्यांना नुसतं 'हो' पुरत नाही. काय जेवलास, किती वाजता, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कुणाबरोबर? कॅन्टीनमध्ये, एकटाच, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला. एकट्याने खाल्लेलं त्यांच्या लेखी जेवण नव्हे, ते नुसतं औषधपाणी.

आमचं बोलणं जर्मनमधून चालतं. त्यांची जर्मन भटारखान्यात शिकलेली आणि माझी क्लासात, त्यामुळे त्यांच्याकडे क्रियापदं नाहीत आणि माझ्याकडे धीर नाही. पण खाण्याविषयी बोलायला दोन्ही लागत नाहीत, निदान मला तसं वाटायचं. चिनी जेवणातला मी स्वतःला दर्दी समजत असे. पुण्यातल्या गाड्यांवर उभं राहून त्या विषयाचा मी रीतसर अभ्यास केला होता. ओळख झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी काकांना मोठ्या दिमाखात वर बोलावलं आणि स्वतःच्या हातचं गोबी मंचुरियन वाढलं. त्यांनी एकेक गोळा नीट चावून खाल्ला, वाटी संपवली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "इंडियन जेवण फार छान असतं." बायको स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसून आली. पुढे एकदा मी त्यांना सणाला मोमो करणार का, असं विचारलं, तेव्हा काका दोन दिवस माझ्याशी तुटक वागत होते. तिसऱ्या दिवशी जिन्यात थांबवून त्यांनी खुलासा केला, "उत्तरेकडचे लोक पिठात गुंडाळतात. आमच्याकडे गोळे. मांसाचे गोळे, माशाचे गोळे. सगळं गोल. घरातले सगळे एकत्र, म्हणून गोल."

काकांचं नवं वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत कधीतरी उगवतं, पण त्याची चाहूल आमच्या इमारतीला डिसेंबरातच लागते, कारण काका बाल्कनीत सॉसेजच्या माळा वाळत घालतात. ज्या बव्हेरियात सकाळी सकाळी सॉसेज खाणं हा धर्म आहे तिथे खरं तर कुणाची हरकत नसावी. पण एका वर्षी हाउसफेरवाल्टुंगचं, म्हणजे इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या कचेरीचं, पत्र आलं की बाल्कनीच्या कठड्याच्या वर काहीही वाळत घालायला मनाई आहे. काका ते पत्र घेऊन माझ्याकडे आले, कारण मी इंजिनिअर. मजकुराशी त्यांना कर्तव्य नव्हतं, त्यांना फक्त कठड्याची नेमकी उंची हवी होती. मी टेप घेऊन गेलो, कागदावर आराखडा काढला आणि कठड्याच्या बरोबर चार सेंटिमीटर खाली येईल अशी दोरी बांधून दिली. नियम तंतोतंत पाळला गेला. दोन दिवसांनी माझी गाठ सुटली आणि तळमजल्यावरच्या कुत्र्याने आम्हा सगळ्यांच्या आधी चिनी नवं वर्ष साजरं केलं. कारखान्यात माझं काम बोल्ट किती घट्ट असावेत हे ठरवण्याचं आहे, ही गोष्ट मी काकांना अजून सांगितलेली नाही.

गोळ्यांसाठी लागणारा खिमा काका यंत्रावर करत नाहीत, दोन हातांत दोन सुरे घेऊन करतात. वरच्या मजल्यावरच्या जर्मन बाईंनी त्या ठाकठोकीची तक्रार केल्यापासून ते लाकडाचा ओंडका घेऊन केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सायकलींच्या शेजारी जाऊन बसतात. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. शुक्रवारी कामावरून येऊन मी सायकल ठेवायला खाली गेलो, तर त्यांनी एक सुरा माझ्या हातात दिला. दहा मिनिटांत माझे दंड भरून आले. काकांचे दोन्ही हात मात्र चालूच होते, आणि त्या दिवशी ते स्वतःशीच हसतही होते. कारण त्यांनीच सांगितलं. त्यांच्याकडे नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी लग्न झालेल्या मुली माहेरी येतात. त्यांची एकुलती एक मुलगी फ्रँकफर्टला बँकेत आहे, नवरा जर्मन. लग्न झाल्यापासून पाच वर्षांत त्या दिवशी तिला एकदाही जमलं नव्हतं. "या वेळी सोमवारी येतेय. दोघं," काका म्हणाले. "तिकीट काढलंय. गेनाऊ, अगदी खरं, तिकीट!" मग त्यांनी मला घरच्यांसकट शनिवारी जेवायचं आमंत्रण दिलं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी आठ पदार्थ आणि टेबलाशी एक माणूस, हे बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

शनिवारी संध्याकाळी बरोबर पाच वाजता आम्ही तिघं खाली गेलो. पाच वाजता अशासाठी, की त्यांच्या गावी तेव्हा नवं वर्ष लागतं. बायको शाकाहारी, तिच्यासाठी काकांनी टोफूचे तीन प्रकार केले होते. माझी नऊ वर्षांची लेक, जी काकांना ओपा, म्हणजे आजोबा, म्हणते आणि माझ्या प्रत्येक मराठी प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देते, ती त्यांच्या मांडीला मांडी लावून बसली. गोळे झाले, सॉसेज झाले. तांदळाच्या चिकट वडीत माझ्या दाढेवरची कॅप निघून आली, ती मी सभ्यपणे खिशात ठेवली. आणि मग आला मासा. अख्खा कार्प, डोक्यापासून शेपटीपर्यंत, आलं आणि कांद्याची पात घालून वाफवलेला. आता मी वेंगुर्ल्याचा. पोळीभाजीच्या घरात लग्न करून मी बरंच सोसलेलं आहे, आणि अख्खा मासा दिसला की माझ्यातला इंजिनिअर उठून निघून जातो. काकांनी सगळ्यांना वरच्या बाजूचं थोडं थोडं वाढलं आणि चॉपस्टिक खाली ठेवल्या. काट्यांच्या भीतीने पुढे कुणी हात घालत नाही, असा मी अर्थ काढला. आमच्या घरी पानात टाकणं हे पाप, आणि यजमानाच्या घरी टाकणं म्हणजे त्याच्या तोंडावर स्वयंपाक फसला असं सांगणं. मी मासा उलटला. लेक म्हणाली, "पापा, नाइन! दास इस्ट फ्यूर मोर्गन." ते उद्यासाठी आहे. इथल्या शाळेत जाऊन पोरगी अन्न टाकायला शिकली, असं मनात म्हणत मी दुसरी बाजू संपवली. मग डोकं फोडलं, गाल खाल्ले, डोळे खाल्ले, आणि वेंगुर्ल्याची अब्रू राखल्याच्या समाधानात ताट पुढे सरकवलं. त्यात एक लांबलचक कणा होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "भूक लागली होती तुला."

घरी आल्यावर लेकीने हात कमरेवर ठेवून मला सगळा प्रकार सांगितला. ओपांनी तिला आधीच समजावलं होतं, कारण लहान मुलं हावरट असतात, असा त्यांचा समज होता. जुन्या वर्षाचा मासा अर्धा नव्या वर्षात न्यायचा असतो, डोकं-शेपटीसकट, आणि तो अर्धा मासा सोमवारी माहेरी येणाऱ्या मुलीने खायचा असतो. लहानपणी डोळ्यांसाठी ती हट्ट करायची, म्हणून ओपा अजून डोळे तिच्यासाठी ठेवतात. बायको म्हणाली, "अरे, तू त्या माहेरवाशिणीच्या वाटचं खाऊन आलास. डोळ्यांसकट!" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं, पण पोटात आधीच कार्प होता. रविवारी जर्मनीत दुकानं बंद. स्टेशनवरचं एक उघडं सापडलं, तिथे फक्त फिशफिंगर. ज्याला डोकं नाही आणि शेपूट नाही, असा तो आयताकृती प्राणी हातात धरून मी बराच वेळ उभा होतो आणि परत ठेवून आलो. सोमवारी कामावरून तडक मासेवाल्याकडे गेलो, तर त्याची साप्ताहिक सुट्टी. शेवटी आमच्या फ्रीजरमधलं पापलेट काढलं. फ्रँकफर्टहून आणून वर्षभर जपलेलं होतं. वर्षभर अशासाठी, की बायको मासे करत नाही आणि मला येत नाहीत. माझा सगळा मत्स्यप्रताप आईच्या हातचं खाण्यापुरता आहे. ते दगडासारखं पापलेट दोन हातांत धरून मी चार वाजता काकांची बेल वाजवली.

काकांनी टाय लावला होता. टेबलावर तीन वाट्या मांडलेल्या होत्या आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. मी येईल तशा जर्मनमध्ये माफी मागायला लागलो. काकांनी मला थांबवलं. "ती नाही येत," ते म्हणाले. "सकाळी मेसेज आला. ऑफिसात काहीतरी. ईस्टरला बघू म्हणाली." मी पापलेट धरून तसाच उभा. "तू खाल्लास ते बरं झालं. दर वर्षी तो अर्धा मासा तिसऱ्या दिवशी मी गरम करतो आणि एकटा खातो. एकट्याने खाल्लं की काटे फार लागतात. या वर्षी निदान कुणीतरी आवडीने खाल्ला."

मला त्या मुलीचा भयंकर राग आला. फ्रँकफर्टहून थेट गाडी आहे, तीन तासांची! बापाने टाय लावलाय! तिला फोन करून चार शब्द सुनवावेत, असं मनात आलं, आणि ते चार शब्द जुळवताना माझ्या लक्षात आलं की तीन वर्षांत मी स्वतः वेंगुर्ल्याला गेलेलो नाही. माझी बोटं बर्फासारखी थंड झाली होती, ती पापलेटमुळे, असं मी स्वतःला सांगितलं. काकांनी मासा माझ्या हातातून काढून घेतला, उलटसुलट पाहिला, आणि त्यांच्यातला स्वयंपाकी जागा झाला. "असला मासा मी नाही केलेला. तुझी आई कसा करते?"

मला माहीत नव्हतं. अठरा वर्षं मी तो खाल्ला होता आणि एकदाही चुलीकडे बघितलं नव्हतं.

"विचार की तिला," काका म्हणाले.

मी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. तिकडे साडेआठ वाजले होते, जेवणं आटोपली असणार. पहिल्याच रिंगला आईने उचलला आणि मी काही बोलायच्या आत तिचा घाबरा आवाज आला, "काय झाला रे? आज सोमवार मां? तू तर रविवारी फोन करतंस. सगळी बरी आसत मां?"