सलमाआपांचा नवा लॅपटॉप आणि माझं जुनं लिनक्स

मंडळी, आज मुरुडमध्ये माझी चांगलीच जिरली.

आमच्या शेजारच्या सलमाआपा शाळेत गणित शिकवतात. त्यांनी नव्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकायला मला बोलावलं. दोन वर्षं मी सगळ्यांना एकाच पेनड्राइव्हवरून टाकून देतोय. इथेही थेट डिस्क पुसायला निघालो.

आपा म्हणाल्या, "थांब रे! जुन्या लॅपटॉपवरून आणलेले माझे वर्षभराचे धडे हायत यात. आधी नुसतं चालवून बघ."

म्हणून काही न पुसता पेनड्राइव्हवरूनच सुरू केलं. वायफाय दिसेना, आवाज येईना, स्क्रीन थरथरायला लागली. मशीनच खराब आहे असं मी म्हणणार, तेवढ्यात आपांनी विचारलं, "प्रोसेसर कधीचा हाय? आणि तुझं लिनक्स कधीचं?"

प्रोसेसर यंदाचा. माझं लिनक्स त्याच्या आधीचं, त्याला तो ओळखताच येत नव्हता. माझ्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती उतरवली, पेनड्राइव्हवर घेऊन आपांच्या लॅपटॉपला लावली, तर सगळं नीट चाललं. मग धड्यांची कॉपी काढली आणि शेवटी इन्स्टॉल केलं. आपांनी चहा दिला.

येताना वाटलं, आजवर किती जणांच्या डिस्क मी न विचारता पुसल्या असतील? नव्या मशीनवर कोणतं लिनक्स टाकायचं, हे तुम्ही कसं ठरवता?