रुग्णाशी नाते: बहीण

आमच्याकडे नऊ वर्षे स्वयंपाक करणारी बाई त्या सकाळी पोळ्या लाटत होती, तेवढ्यात इतवारीच्या गोदामातून फोन आला. तिचा नवरा तिथे हमाल. पोते उचलताना छातीत कळ आली, घामाने भिजला. मी गॅस बंद केला, गाडी काढली आणि त्याला गोदामातून उचलून जवळच्या खासगी दवाखान्याकडे निघाले.

दवाखान्यात गरीब दिसायचे नाही, हा माझा जुना सिद्धांत. रेशन कार्ड दिसले की बेड संपतात, असे मला वाटे. गाडीतच बाईच्या खांद्यावर माझी शाल टाकली.

"ते कार्ड पिशवीत आत ठेव. मी सांगेन तोवर काढू नको."

"पर ताई, फुकट इलाजाच्या योजनेच्या शिबिरात तर म्हने, हे पयलं दाखवा."

"शिबिरात बेड नसतात."

फॉर्म मीच भरला. पत्ता लकडगंजचा, माझा. रुग्णाशी नाते: बहीण. पाच मिनिटांत स्ट्रेचर आले, ईसीजी झाला. मी स्वतःवर खूश.

मग डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिनी बंद आहे, आजच उघडायला हवी, फार थांबता येणार नाही. खर्च तिच्याच काय, माझ्याही आवाक्याबाहेरचा. "काढ आता कार्ड," मी म्हणाले.

सरकारी योजनेच्या काउंटरवरच्या माणसाने आधी कार्ड पाहिले, मग संगणक.

"मॅडम, फाइल तर प्रायव्हेटमधी बनली, पैसे भरणाऱ्यांत. पेशंट तुमचे भाऊ."

"तो माझा भाऊ नाही."

"सकाळी होता ना?"

"मग आता बदला."

"ते बिलिंगवाले करतील. कार्ड आधी दाखवलं असतं, तर मी फोनवरच मंजुरी मागितली असती. इमर्जन्सीत चालते तसं."

खरे की नुसते तोंडदेखले, देव जाणे. बिलिंगने पुन्हा योजनेकडे पाठवले, योजनेने अधीक्षकांकडे. अधीक्षक राउंडवर. आत माणूस तळमळतोय आणि बाहेर मी तीन काउंटरांना एकच गोष्ट सांगत फिरतेय. गरीब म्हणून या, तर बेडची धास्ती. बहीण म्हणून या, तर योजना नाही. माणसाने आत शिरायचे तरी कोण म्हणून?

बाई शालीची घडी हातात धरून मागे मागे येत होती.

"मी म्हनलं होतं ताई."

"चूप बैस," मी खेकसले. तिचे बरोबर होते, त्याचाच राग आला होता.

अधीक्षक मॅडम एकदाच्या आल्या. "लेखी द्या." उभ्याउभ्याच लिहिले: सदर रुग्ण माझा कोणीही नाही. तो माझ्या पत्त्यावर राहत नाही. घाईत चुकीची माहिती दिली. खाली माझी सही, शेजारी बाईची.

दुपारी मंजुरी आली. आम्ही बाकावर बसलो होतो. नर्स दारातून डोकावली. तिच्या हातात अजून सकाळचाच कागद.

"आत घेऊन राहिलो त्यांना. पेशंटची बहीण कोण आहे? सही पाहिजे."

मी जागची हलले नाही. बाईला कोपराने ढोसले.

"ऊठ. बायको म्हणून सांग. माझं नावही काढू नको."