ओळंबासाहेबांची न हलणारी पायरी

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ रस्ते खात्यात उपअभियंता आहे. त्याच्या हाताखाली चार कनिष्ठ अभियंते आहेत आणि त्या चौघांनी मिळून त्याचं नाव ठेवलंय ओळंबासाहेब. भिंत सरळ उभी आहे का हे बघायला गवंडी दोरीला जे वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. ते चौघं हे नाव त्याच्या पाठीमागे घेतात. मी तोंडावर घेतो, कारण मी त्याचा भाऊजी आहे आणि मला कोण मेमो देणार?

माणूस सरळ आहे, याबद्दल वाद नाही. पण अशा माणसाशी एकदा नातं जोडून बघा म्हणजे कळेल. माझं लग्न ठरलं तेव्हा हा कॉलेजात होता. पहिल्यांदा आमच्या घरी आला आणि चहा यायच्या आत खिशातून गोटी काढून फरशीवर सोडली. गोटी घरंगळत कपाटाखाली गेली. "भाऊजी, तुमच्या खोलीचा उतार उलटा आहे," हा म्हणाला. तेहेतीस वर्षं झाली, फरशी पुसताना पाणी अजून कपाटाखालीच जातं, आणि हा अजून दर भेटीत सांगतो.

नोकरीतही तेच. नव्या अभियंत्यांना तो पहिल्या दिवशी एकच धडा देतो: डोळा खोटं बोलतो, मोजणीची दुर्बीण बोलत नाही. रस्ता डोळ्यानं बघून वर-खाली ठरवाल तर माझ्याकडे काम करू नका. माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे हे वाक्य मला नेहमीच थोडं झोंबतं. आणि त्याची दुसरी शेखी म्हणजे एकतीस वर्षांच्या नोकरीत एकही मेमो नाही. हे तो इतक्या वेळा सांगतो, की आमच्या दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकांनाही ते पाठ झालंय.

आमच्या रस्त्याचं काम निघालं ते तीन वर्षांपूर्वी. आधी मोजणी झाली. रस्ता किती उंच करायचा हे ठरवायला यांना एक न हलणारी जागा लागते. तिची उंची एकदा कागदावर लिहिली की पुढची सगळी मापं तिच्यापासून. अशा दोन जागा धरल्या होत्या. एक पलीकडच्या मोरीच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, कठड्यावर. दुसरी आमच्या दुकानाची दगडी पायरी.

"खांबाला ट्रक धडकतो, झाड कुणीतरी तोडतं," त्यानं आपल्या माणसांना समजावलं. "ही पायरी मी तीस वर्षं बघतोय. केसभर हलली नाही."

"आणि तुझी ताई तरी कुठे हलते?" मी म्हणालो. कुणी हसलं नाही. साहेबांचा स्टाफ साहेबांसमोर हसत नाही.

मग त्यानं स्वतःच्या हातानं, सरकारी लाल रंगानं, पायरीवर वीतभर लांब बाण काढला आणि बहिणीला बजावलं, "ताई, हा बाण पुसायचा नाही."

तो गेला आणि बाणानं आमच्या डोक्याला ताप केला. लोकांना वाटलं, रस्ता रुंद होणार आणि चष्मेवाल्याचं दुकान पडणार. चार-चार महिने चष्मा न नेणारी गिऱ्हाइकं धावत येऊन आपापले चष्मे घेऊन गेली. एका गृहस्थांनी माझं कपाट किती जुनं आहे, विकायचं आहे का, अशी चौकशी केली. बायकोनं आठ दिवस दम धरला. मग तिनं रॉकेल लावून पाहिलं, थिनर लावून पाहिलं, तारेच्या ब्रशनं घासलं. बाण होता तसाच. त्या खात्याचे रस्ते वर्षभर टिकत नाहीत, पण रंग मात्र अमर आहे.

शेवटी घरात ओट्याचं काम निघालं, त्यातला ग्रॅनाइटचा एक तुकडा उरला, आणि बायकोनं गवंड्याकडून तो पायरीवर बसवून घेतला. खाली विटांचा थर, वर सिमेंट, वर काळंभोर ग्रॅनाइट. बाण दिसेनासा झाला.

"त्यानं पुसू नकोस सांगितलं होतं," मी आठवण दिली.

"मी कुठे पुसलाय? आत आहे तसाच," ती म्हणाली.

आता गंमत ऐका. आमचे ओळंबासाहेब त्यानंतर पाच-सहा वेळा आमच्या घरी आले. त्याच ग्रॅनाइटवर पाय देऊन आत आले. "ताई, छान दिसतंय गं," असं म्हणाले. एकदा घसरता घसरता वाचले आणि वर सल्लाही दिला, की नवा चष्मा लावून बाहेर पडणारं गिऱ्हाईक इथं हमखास आपटेल, पायपुसणं टाका. आम्ही टाकलं. पण बहिणीच्या घरी जेवायला येताना माणूस इंजिनिअर बाहेर ठेवून येत असावा. त्याच्या डोक्यात पायरी उंच झाल्याचं आलंच नाही. माझ्याही आलं नाही, पण मला त्याचा पगार नाही.

दोन वर्षांनी प्रत्यक्ष काम सुरू झालं. देखरेखीला त्याच्या हाताखालची सगळ्यात नवी अभियंता होती. चोवीस-पंचविशीची मुलगी, डोक्यावर मोठं हेल्मेट, नजर खाली. तिची नोकरी अजून कायम व्हायची होती. दोन वर्षं पुरी होत आली होती आणि तिच्याबद्दलचा शेरा याच महिन्यात जायचा होता. घरी आई आजारी, मिळवणारी ही एकटी. हे तिनं नाही सांगितलं, माझ्या बायकोनं दोन कप चहात काढून घेतलं.

पहिल्या दिवशी तिनं तिपाईवर दुर्बीण लावली. उंचीची पट्टी धरणारा माणूस आमच्या दाराशी आला. मी काउंटरवर बसलेला, साहेब आत ताईच्या हातचं गरम गरम खात बसलेले. मुलगी दारात आली.

"सर, खुणेचा बाण दिसत नाहीये."

"ताईनं घासला असेल!" साहेब आतून ओरडले, तोंडात घास. "पायरी तीच आहे. ठेव पट्टी."

"सर, मोरीचा कठडा ट्रकनं पाडलाय, तिथली खूण गेली. पाण्याच्या टाकीवर एक जुनी खूण आहे, तिच्याशी ताडून घेऊ का? अर्धा दिवस जाईल."

"अगं, माझ्या बहिणीची पायरी आहे ती! ठेव पट्टी आणि सुरू कर."

तिनं पायपुसणं बाजूला केलं आणि पट्टी ठेवली. पुढे आठ दिवसांनी, खडीचा थर पडल्यावर, ती पुन्हा आली. या वेळी साहेब माझ्या काउंटरपाशीच उभे होते.

"सर, घरांच्या मानानं रस्ता वर येतोय असं वाटतंय."

"वाटतंय? खुणेपासून मापं बरोबर आहेत ना?"

"बरोबर आहेत."

"मग वाटण्यावर जायचं नाही," म्हणाले. पहिल्या दिवसाचा धडा तिला पुन्हा एकदा मिळाला. ती "हो सर" म्हणून गेली.

रस्ता झाला. काळा, गुळगुळीत, नजर लागेल असा. मोठे साहेब पाहणीला यायचे म्हणून आदल्या सकाळी टँकर आणून तो धुऊन काढला. पाणी रस्त्यावरून ऐटीत चालत निघालं आणि एकेका घरात शिरलं. सात घरं, पिठाची गिरणी आणि शेजारच्या शिंप्याचं दुकान. शिंपी शिवणयंत्रावर पाय वर घेऊन बसला होता आणि जमिनीवरचे कापडाचे तुकडे तरंगत बाहेर चालले होते. फक्त एका घरात थेंबभर पाणी आलं नाही. आमच्या. आमची पायरी उंच होती ना!

पुढच्या तासाभरात गल्लीनं निकाल लावला. चष्मेवाल्याचा मेहुणा साहेब, म्हणून त्याला आधी सांगितलं, पायरी वाढवून घे. शिंपी तर दारात येऊन म्हणाला, "काका, आम्हालाही कानात सांगायचं होतं." तीस वर्षं त्याच्या डोळ्यांचा नंबर मी काढतोय. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुलगी एकटी आली. हातात नोटीस होती. चुकीच्या मापांबद्दल तुमच्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा द्या. पाहणी काही दिवस पुढे ढकलली होती. तिनं सकाळभर उन्हात पाण्याच्या टाकीपासून मापं घेत घेत रस्ता ताडून आणला होता. रस्ता सगळीकडे बारा सेंटिमीटर उंच होता. अगदी सारखा, बारा. तिनं आमचं पायपुसणं उचललं, वाकून पायरीच्या कडेकडे पाहिलं. विटांच्या खाली जुना दगड दिसत होता. खिशातून टेप काढून तिनं मोजलं आणि तिथंच खाली बसली.

"काकू, हे ग्रॅनाइट कधी बसवलं?"

बायकोनं सांगितलं. सांगता सांगताच तिच्या लक्षात आलं. मी तिला इतकी पांढरी पडलेली आजवर पाहिली नव्हती.

"तू सरळ लिही," मी मुलीला म्हणालो. "दोनदा विचारलंस, मी दोन्ही वेळा ऐकलंय. लिही की साहेबांनी नको म्हटलं."

"सरांच्या विरुद्ध कसं लिहू काका? त्यांनीच शिकवलंय सगळं." ती उठली, टेप गुंडाळला. "आणि शेरा तेच लिहिणार आहेत."

संध्याकाळी आमचे ओळंबासाहेब आले. मुलीनं त्याला फोनवर सांगितलं होतं. पायरीवर पाय न देता, एका ढांगेत ओलांडून आत आला आणि खुर्चीत कोसळला. माझी जीभ वळवळत होती, पण त्याचा चेहरा बघून मी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. कार्यकारी अभियंत्यांच्या बढतीची यादी शुक्रवारी लागणार होती. त्यात त्याचं नाव पहिलं होतं. निवृत्तीला तीन वर्षं, म्हणजे ही शेवटचीच संधी. आणि पाहणी गुरुवारी.

"खुलाशात लिहिता येईल," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "की जमीन फुगली. काळी माती फुगते."

"बारा सेंटिमीटर? आणि नेमकी आमच्या दारात?" मी विचारलं.

"घरमालकानं खूण न कळवता बदलली, असं लिहिता येईल."

"लिही की," बायको म्हणाली. "माझ्या नावानं लिही. मी कुठे नाही म्हणते? मी झाकला बाण, चूक माझी. पण त्या मुलीनं दारात उभं राहून तुला विचारलं होतं, तेव्हा तू माझ्याच घरात जेवत होतास. ते कुठल्या रकान्यात लिहिणार?"

तो उठला. पाणी प्यायला आणि निघून गेला. त्या रात्री बायको जेवली नाही. मला खरं सांगायचं तर त्याचा राग आला होता, आणि दयाही येत होती. एकतीस वर्षं जपलेली कोरी पाटी शेवटच्या वळणावर कोण स्वतःच्या हातानं खराब करील? मी केली नसती, हे मला माहीत होतं आणि म्हणून झोप येत नव्हती.

गुरुवारी मोठे साहेब आले. सगळी गल्ली आमच्या दारात. मोठ्या साहेबांनी ग्रॅनाइट पाहिलं, टेप पाहिला, मापांची वही पाहिली.

"खूण बदललेली होती. दुसऱ्या खुणेशी ताडून का पाहिलं नाही?" त्यांनी मुलीला विचारलं.

"माझी चूक झाली सर," ती म्हणाली. हेल्मेटच्या पट्ट्याशी तिची बोटं चाळा करत होती. "मी ताडून बघायला हवं होतं."

मोठ्या साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मी काउंटरमागून उठलो. माझ्या तोंडात वाक्य आलं होतं, पण त्याआधी माझा मेहुणा काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणालात?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"तिनं विचारलं होतं," तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की मला दोन हातांवरून जेमतेम ऐकू आला.

तेवढ्यात दारातून माझी बायको कडाडली, "अरे, मोठ्यानं बोल! मागे ज्यांच्या घरात पाणी शिरलंय त्यांना ऐकू येत नाहीये!"

काहीजण हसले. तो हसला नाही. त्यानं मान वर केली आणि साइटवर मजुरांना हाक मारतो त्या आवाजात बोलला. "तिनं मला दोनदा विचारलं होतं. एकदा खूण दिसत नाही म्हणून, एकदा रस्ता वर येतोय म्हणून. दोन्ही वेळा मी नको म्हटलं. माझ्या बहिणीची पायरी म्हणून मी खात्री धरली. ताईला किंवा भाऊजींना रस्त्याच्या उंचीतलं काही माहीत नव्हतं. या मुलीची यात काही चूक नाही."

शिंपी खाली बघायला लागला.

"हे लिहून द्याल?" मोठ्या साहेबांनी विचारलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "उद्या यादी आहे. विचार करा."

"लिहूनच देतो साहेब." त्यानं मुलीच्या हातातली वही घेतली, माझ्या काउंटरवर ठेवली आणि लिहायला वाकला. दोन अक्षरं लिहून थांबला. चष्मा घरी विसरला होता. मी खणातून त्याच्या नंबरचा एक काढून दिला. त्यानं सगळं लिहिलं, खाली सही केली, तारीख टाकली. ती मुलगी तोपर्यंत भिंतीकडे तोंड करून रडत होती आणि माझी बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

शुक्रवारी यादी लागली, त्यात त्याचं नाव नव्हतं. सोमवारी त्याला नोकरीतला पहिला मेमो मिळाला. रस्ता बारा सेंटिमीटर खरवडून पुन्हा केला, त्यात दोन महिने गेले आणि गल्लीनं धूळ खाल्ली, पण आम्हाला कुणी बोल लावला नाही.

मेमो मिळाला त्याच महिन्याच्या अखेरीस एका दुपारी तो आमच्याकडे आला. बहिणीनं पाट मांडला, वाढायला घेतलं.

"ताई, त्या मुलीची नोकरी कायम झाली. ऑर्डर मीच नेऊन दिली तिच्या टेबलावर," तो म्हणाला.

आणि पहिला घास हातात धरून हा पंचावन्न वर्षांचा माणूस आमच्या स्वयंपाकघरात रडायला लागला. बायको त्याच्याजवळ बसली. कशासाठी रडतोस, असं आम्हा दोघांपैकी कुणी विचारलं नाही. दोन्ही कारणं आम्हाला माहीत होती.