मावत नाही, जवळ या

अख्ख्या कांजूरमार्गात आमच्या फोटोवाल्या अंकलइतकं खोटं कुणी बोललं नसेल, आणि तेही चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून. गावठाणातल्या प्रत्येक ख्रिस्ती लग्नाचे फोटो तेच काढत. लग्नाआधी तीनदा घरी येत, कॅमेरा न घेता. चहात पाव बुडवत आईला हळूच विचारत, "सध्या कोण कोणाशी बोलत नाही?" सगळं ऐकून घेत आणि उरलेला पाव खिशात टाकून निघून जात. बायका म्हणायच्या, फादरना पापं माहीत असतात, अंकलना भांडणं.

मला ते मुळीच नको होते. मला बांद्र्याचा एक स्टुडिओवाला हवा होता, जो नवरीला वाइनच्या ग्लासात उभी करून दाखवायचा. वय बावीस, आणि जन्माचं सार्थक कशात, तर ग्लासात उभं राहण्यात. त्यासाठी मी दोन दिवस जेवले नाही. म्हणजे सगळ्यांसमोर जेवले नाही. पण पप्पांना सांगणार कोण? मी गोव्याचा मुलगा पसंत केला म्हणून ते तीन महिने माझ्याशी बोलत नव्हते. मीठ हवं असलं तरी कुत्र्याला सांगत. शेवटी त्यांनी कुत्र्यालाच ऐकवलं, "फोटो अंकलच काढणार."

लग्नाच्या दिवशी पप्पांनी मला वेदीपर्यंत नेलं, पोस्टमन पार्सल नेतो तसं. लग्नाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपल्यावर पायऱ्यांवर घरच्यांचा फोटो होता. पप्पा माझ्यापासून चार हात लांब, खांबाशेजारी दुसरा खांब होऊन उभे. अंकलनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि हात हलवला.

"मावत नाही रे. आत सरक."

पप्पा वीतभर सरकले.

"अर्धा बाहेर जातोयस. अजून."

"तू मागे जा ना," पप्पा म्हणाले.

"मागे गटार आहे. तू पुढे ये."

असं करत करत पप्पांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. हाताला जागा उरली नाही, म्हणून तो माझ्या पाठीवर आला. आणि कानाजवळ तीन महिन्यांनी शब्द आले, "डोक्यावरची व्हेल नीट कर, वाकडी झालीय." मी रडले, काजळ ओघळलं, ग्लासात उभं राहायचा चेहरा पार गेला.

फोटो आला तेव्हा पाहिलं, तर दोन्ही बाजूंना अख्खा बँड उभा राहील एवढी जागा मोकळी. मी तरातरा अंकलकडे गेले. "अंकल, तुम्ही खोटं बोललात."

"बोललो ना. कन्फेशन पण केलं. फादर विचारतात, पुन्हा करणार? मी सांगतो, शनिवारी एक लग्न आहे."

आता माझ्या नातीचं लग्न ठरलंय, आणि ती मोबाईलवर फोटोग्राफर निवडतेय. तिचा बाप आणि काका, म्हणजे माझे दोन्ही मुलगे, सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. काल एक फोटोग्राफर घरी आला होता, दाढी छान, बोलणंही छान. ड्रोन आणतो म्हणाला. मी विचारलं, "घरचे सगळे मावतील का रे फोटोत?"

"आजी, टेन्शनच घेऊ नका. कितीही लांब उभे राहू देत, सगळे येणार."

"मग काय उपयोग," मी म्हटलं. नात म्हणाली, "आजी, तू ना..."

अंकल जाऊन चार वर्षं झाली. सगळ्या गावठाणाचे फोटो काढले, त्यांचा स्वतःचा मात्र धड एकही नव्हता. शवपेटीपुढे ठेवायला रेशनकार्डावरचा मोठा करून आणावा लागला, त्यात ते ओळखूही येत नव्हते.

नातीला म्हटलं, हाच फोटोग्राफर घे, बिचारा चांगला आहे. लग्नाच्या दिवशी पायऱ्यांवर मी त्याच्या शेजारी, कॅमेऱ्यामागे उभी राहीन आणि माझ्या म्हाताऱ्या पोरांना ओरडून सांगेन, मावत नाही रे, जवळ या. त्या फोटोत मी नसेन. अंकल तरी कुठे असायचे?