घडीचा जिना

कळमनुरीच्या आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा खालचं मोठ्या चुलत्याकडे गेलं आणि वरची पत्र्याची खोली आमच्या वाट्याला आली. वर जायला जिना नव्हता. बैठकीत जिना बांधू द्यायला चुलता तयार नव्हता, जागा अडते म्हणून. वडील गॅरेजमध्ये कामाला होते. तिथं फिरत्या दवाखान्याची एक गाडी भंगारात निघाली होती. तिच्या दाराच्या घडीच्या लोखंडी पायऱ्या त्यांनी आणल्या, वेल्डिंगवाल्याकडून लांबी वाढवून घेतली आणि बैठकीत बसवल्या. काम झालं की मिटवायच्या, भिंतीला टेकवायच्या आणि कडी लावायची. गाडीत असताना ती कडी आतल्या माणसाच्या हातात होती. आमच्या घरात ती खाली बसवली, कारण चुलत्यानं तशीच अट घातली. वडिलांनी मान डोलावली. मोठ्या भावापुढं त्यांना तेवढंच यायचं.

चुलता म्हणजे आईचा भासरा. भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्याच्याशी बोलायचं तर नाहीच, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळे आईला खाली यायचं असलं की ती काकूला हाक मारायची. काकू घरात नसली की स्टीलचा पेला फरशीवर वाजवायची. चुलत्याला ऐकू यायचं. मनात आलं तर तो उठायचा.

आईचे वडील मेंढरं विकायला आठवडी बाजाराला यायचे. लेकीच्या घरी ते पाण्याचा घोटही घेत नसत. म्हणून आईच भाकर बांधून बाजारात न्यायची आणि ते जेवेपर्यंत शेजारी बसायची. माहेरचं तिला एवढंच उरलं होतं.

एका बाजाराच्या दिवशी काकू तिच्या बहिणीकडे गेली होती. मी शाळेतून आले तर चुलता बाजेवर पडलेला, पायऱ्या मिटलेल्या आणि वर पेला वाजून राहिला होता. मी कडी काढली. आई भाकरीचं फडकं घेऊन जी उतरली ती अनवाणीच पळाली. मी मागं धावले. बाजार उठत आला होता. शेजारच्या मेंढरवाल्यानं सांगितलं, "लई वाट पाहिली म्हाताऱ्यानं. आत्ताच जीपमधी बसून गेला."

घरी आल्यावर मी चुलत्याला विचारलं, "दादा, माय पेला वाजवून राहिली होती, तुमी काहून उठले न्हाई?"

"मला काय ठाऊक कशाला वाजवते? तोंडानं सांगावं की," तो म्हणाला.

आई तोंडानं बोलली असती तर गावभर बोभाटा त्यानंच केला असता. ही गोष्ट मी त्याला अजून माफ केलेली नाही. वडिलांनाही नाही. त्यांनी रात्री सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाऊ दे, मोठा हाय तो." आजोबांसाठी बांधलेली भाकर त्या रात्री आम्ही खाल्ली. वडिलांनीही खाल्ली.

पुढं भावाला नोकरी लागली, हिंगोलीत आमचं स्वतःचं घर झालं. त्यात चांगला रुंद, सिमेंटचा जिना आहे. आई गच्चीवर गहू वाळत घालायला जायची आणि उतरायच्या आधी वरच्या पायरीवर थांबून कठड्यावर बांगड्या वाजवायची. खालून कुणी "ये" म्हटलं की मगच उतरायची. भाऊ हसायचा. मला हसू यायचं नाही, संताप यायचा.

एकदा मी माहेरी गेले तर घरात कुणीच नव्हतं. भाऊ-भावजय सकाळीच लग्नाला गेले होते. दुपार कलली होती. चूल थंड, सकाळची भाकर तशीच झाकलेली. मी हाका मारत जिन्यापाशी आले. आई वरच्या पायरीवर उन्हात बसली होती, तोंड लाल झालेलं.

"माय, खाली काहून आली न्हाईस?"

"मघापासून वाजवून राहिले," ती म्हणाली, "कोणी ये म्हनलंच न्हाई."