आर्डिस जबडे वाचते

हरणाचं वय शिंगांवरून सांगणाऱ्यानं आर्डिस टोलेफसनसमोर एकदा सांगून बघावं. ती मध्ये तोंड घालत नाही, त्याला शेवटपर्यंत बोलू देते. मग विचारते, "तुझं वय आम्ही टोपीवरून सांगू का?"

एकसष्ट वर्षांची बाई. तीस वर्षं गावातल्या खाटिकाच्या दुकानात उभ्यानं मटण तोडलं, गुडघे तिथंच गेले. नोव्हेंबरात बंदुकीच्या शिकारीचे नऊ दिवस सुरू झाले की खोऱ्यातलं प्रत्येक हरीण त्या दुकानात येतं, आणि त्याचा खालचा जबडा आर्डिसच्या हातात. दाढ बघायला ती तिथंच शिकली. दाढेच्या कडेला पांढरं असतं, मध्ये तपकिरी. हरीण चावून चावून दाढ झिजवतं तसं तपकिरी रुंद होत जातं. आधी पहिल्या मोठ्या दाढेत, मग दुसरीत, मग तिसरीत. तिसरीत तपकिरी पांढऱ्याला भारी पडलं की नर पाच वर्षांचा झाला. ऐकायला सोपं आहे. हजार जबडे हातातून गेल्याशिवाय दिसत मात्र काही नाही.

आणि पाच वर्षांचा नर म्हणजे काय, हे तिच्या लहानपणी खोऱ्यात कुणाला ठाऊकच नव्हतं. तिचा बाप शिंग दिसलं की बार काढायचा. सगळेच काढायचे. दीड वर्षाची पोरं, डोक्यावर काडीएवढं शिंग, आणि ट्रकच्या मागे टाकून गावभर मिरवणूक. पंधरा वर्षांपूर्वी आर्डिस पाय घासत दारोदार गेली. एका घरानं तिच्यावर कुत्रं सोडलं, ती कुत्र्याला हाड देऊन परत दार वाजवायला लागली. शेवटी अकरा शेतं एका ठरावात आली. पाच वर्षांखालचा नर मारायचा नाही. प्रत्येक शेतानं ठरलेल्या माद्या मारायच्याच, नाहीतर माद्यांची गर्दी होते आणि ओकचं एक रोप वर येऊ देत नाही. आणि ज्याचा नर कोवळा निघेल त्यानं पुढचं वर्षभर नराला हात लावायचा नाही, फक्त माद्या. हे शेवटचं कलम तिचं स्वतःचं.

स्वतःच्या ऐंशी एकरांत तिनं हाडं झिजवली. झाडं अर्धी कापून आडवी पाडली, म्हणजे हरणांना लपायला जागा होते. माळावर हरणांना चरायला क्लोव्हरचं गवत पेरलं, थंडीसाठी राय नावाचं धान्य. ओढ्यापलीकडचा वीस एकरांचा तुकडा तर असा राखला, की वर्षभर तिथं कुणी पाय ठेवायचा नाही. भाऊ लायल एकदा हरवलेलं वासरू शोधायला आत गेला, तर ती त्याच्याशी पंधरा दिवस बोलली नव्हती.

ठरावातला सगळ्यात मोठा काटा म्हणजे वेंडल क्रूगर. त्याची तीनशे एकरांची टेकडी बरोबर सगळ्यांच्या मधोमध. तो बाहेर पडला तर ठराव म्हणजे मधलं फळकूट काढलेलं पिंप. चार वर्षांपूर्वी त्यानं दहा टोकांच्या शिंगांचा नर आणला आणि आर्डिसनं जबडा बघून सांगितलं, तीन वर्षं. वेंडलनं शिव्या घातल्या. तीन कुठं लिहिलंय ते दाखव, म्हणाला. ती म्हणाली, ये दुकानात, दाखवते. हा माणूस नुसत्या खुन्नसपोटी सगळा हिवाळा दुकानात आला, तिची चूक पकडायला. चूक काही सापडली नाही. जबडा वाचायला मात्र शिकला. आणि वर्षभर माद्या मारत बसला.

मागच्या नोव्हेंबरात शिकारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. आर्डिस मचाणावर. ती लंगड्याची वाट बघत होती. मागचा उजवा पाय ओढत चालणारा हा नर चार वर्षं तिच्या झाडावरच्या कॅमेऱ्यात येत होता. गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या हिवाळ्यात ठरलेलं. डॉक्टरनं साफ सांगितलं होतं, की त्यानंतर शिडी विसरायची. म्हणजे लंगडा मिळायचा तर त्या वर्षी, नाहीतर पुढच्या.

धुक्यातून शिंगं आली. रुंद, जाड, फांद्यांसारखी. माजावरच्या नराची मान फुगते, कोवळाही पोक्त दिसतो, हे तीच सगळ्यांना ओरडून सांगायची. पोट बघा, पाठ बघा, शिंगं सगळ्यात शेवटी. तिनं शिंगं बघितली आणि बार काढला.

खाली उतरून जवळ गेली. चारही पाय धड. पोट सपाट. पाठ फळीसारखी सरळ. तिला तिथंच कळलं, तरी घरी नेऊन ओट्यावर जबडा सोडवला. पहिल्या दाढेत तपकिरी रुंद. दुसरीत पांढरंच जास्त. साडेतीन.

लायलनं तिचा चेहरा बघितला आणि जबडा न बघताच ओळखलं. कॉफी ओतून घेतली, म्हणाला, "आर्डी, पाच लिही."

तिनं पातेल्यात पाणी घेतलं.

"तुझ्यासाठी नाही सांगत मी. रविवारी सगळ्यांसमोर तू तीन म्हणालीस तर लोक काय म्हणतील? हिलाच कळत नाही तर नियम कशाला. ठरावच मोडेल. चौदा वर्षं घातलीस तू त्यात."

"मग वेंडलला मी कशाला घरी बसवला होता?"

"वेंडल गेला खड्ड्यात."

"तो खड्डा आपल्या मधोमध आहे, लायल," ती म्हणाली आणि जबडा उकळायला टाकला.

शेवटच्या रविवारी दुपारी सगळी शेतं तिच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये जमतात. मोठ्या ट्रेमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश, सॉसेज, कुणाची तरी ब्रँडी. फळीवर जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला तारेनं नंबर. आर्डिसनं सहा जबडे वाचले, सगळे ठीक. सातवा उचलला आणि सांगितलं की हा माझा आहे, हा मी वाचणार नाही. बॅटरी वेंडलच्या हातात दिली.

तीन वर्षं हा माणूस या घटकेची वाट बघत होता, हे लहान पोरांनाही माहीत होतं.

वेंडलनं जबडा उजेडाकडे धरला. मग खाली ठेवला. "पाच," म्हणाला.

लायलनं श्वास सोडला. आर्डिसनं सोडला नाही. "चष्मा लाव," ती म्हणाली.

"लावलाय."

"मग परत बघ. दुसरी दाढ. पांढरं जास्त की तपकिरी?"

वेंडल तिच्या कानाशी झुकला. "बाई, मी तुला वाट करून देतोय. घे की."

"पांढरं जास्त की तपकिरी?"

"पांढरं."

"मग?"

"तीन." त्यानं बॅटरी फळीवर आपटली. "तीन. झालं समाधान?"

लायल म्हणाला होता तसंच झालं. मागून कुणीतरी म्हणालं, की आर्डिसलाच धुक्यात दिसत नाही तर हे कलम काढून टाकू, ठरावही सैल करू, ज्याचं त्यानं बघावं. दोघातिघांनी माना हलवल्या. आर्डिस उभी होती, गुडघा ठणकत होता. चूक तिची होती.

उत्तर वेंडलनं दिलं. "मी एक वर्ष बसलो," तो म्हणाला. "पोरीच्या लग्नातच जावई मला विचारत होता, तुम्ही फक्त माद्याच मारता का. आता ही बसेल. कलम काढायचं असेल तर आधी माझं वर्ष परत द्या. कोण देतंय?"

कुणी दिलं नाही. हसू फुटलं, हॉटडिश परत फिरलं, ठराव राहिला.

या वर्षी आर्डिस मादीचा परवाना घेऊन शिडी चढली. चढायला वीस मिनिटं लागली. लायल खाली उभा राहून बघत होता, मदतीला हात पुढे केला तर तिनं त्यावर बूट ठेवायची धमकी दिली. पाचव्या दिवशी बर्फ पडलं, आणि सकाळी लंगडा आला. पोट लोंबलेलं, पाठ बसलेली, मागचा पाय ओढत. थेट मचाणाखाली, वीस पावलांवर थांबला. आर्डिसची बंदूक मांडीवर होती, मांडीवरच राहिली. तो किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. तिचे डोळे भरले, ते तिनं थंडीवर ढकललं. मग तो वेंडलच्या टेकडीकडे निघून गेला. त्याच्या मागून एक मोठी मादी आली. तिच्यावर आर्डिसनं बार काढला, एकच.

तासाभरानं टेकडीवरून एक बार ऐकू आला.

रविवारी वेंडलनं जबडा तिच्यापुढे ठेवला, नंबर न लावता. तिनं वाचला. तिन्ही दाढा झिजून सपाट. सात.

"बर्फात त्याच्या खुणा होत्या," वेंडल खालच्या आवाजात म्हणाला. "मी त्यांवरून मागे मागे गेलो, तुझ्या मचाणापर्यंत. तिथं उभा होता तो. तू वर होतीस."

"होते."

"आणि?"

"माझ्याकडे मादीचा परवाना होता."

वेंडल टोपी हातात घेऊन फिरवत बसला. काहीतरी मोठं बोलायचं त्याच्या मनात आलं असावं. आर्डिसनं त्याला तेवढी उसंत दिली नाही. फळीवर खडूनं सात लिहिलं आणि विचारलं, तुझ्या माद्या किती झाल्या.

"दोन."

"पाच ठरल्या होत्या." तिनं शेडच्या दाराबाहेर बघितलं. "आज शेवटचा दिवस, साडेचारपर्यंत उजेड आहे. ताट झाकून ठेवते, जा."

तो उठला, बंदूक घेतली आणि गेला.