मेंदी लावून जत्रेला

काकी, तुझ्या सुलूला घेऊन मी निघाले त्या सकाळी तू मसुऱ्याच्या स्टँडवर आली होतीस. पिशवीत उकडे तांदूळ, कोकमाची सोलं आणि वर तुझ्या शंभर सूचना. एसटी सुरू झाली तेव्हा खिडकीतून माझा हात धरलास. "हिका तुझ्या पदरात घालतंय गो. जपान रवा." मग माझ्या तळहाताकडे बघून म्हणालीस, मेंदी बरी रंगली. मी हसले. तेव्हाच खरं बोलायला हवं होतं.

इथे गुजरातेत आम्ही सुंगटं सोलतो, शहरातले कोळंबी म्हणतात ती. कंपनी म्हणतात तिला, आहे ती पत्र्याची शेड. बर्फाच्या पाण्यात हात, फुटक्या गमबुटात पाय, पहाटेपासून उभं राहायचं. बाथरूमला जायचं तर सुपरवायझरचा चेहरा बघून विचारायचं. सुंगटाचं पाणी बोटं खातं. आठवड्यात साल निघते. मग तुरटीच्या पाण्यात हात बुडवायचे, दात आवळायचे आणि पुन्हा उभं राहायचं. ताप आला तरी सुट्टी नाही. आधारकार्ड ठेकेदाराच्या कपाटात, आम्ही अकरा जणी एका खोलीत, आणि कुलूप बाहेरून. वर्षातून एकदा जत्रेपुरतं सोडतात, तेही कार्ड आणि पगार अडकवून.

पहिल्या वर्षी भराडीदेवीच्या जत्रेला यायचं ठरलं आणि हात बघून मलाच कसंसं झालं. एवढी मिरवत गेलेली मी, असे हात घेऊन वाडीत शिरणार? मेंदीचा कोन आणला आणि बोटांची टोकं भरून टाकली. इतकं झोंबलं की रडले. वाडीत तू विचारलंस, "काम कसा आसा?" मी म्हटलं, "एसीत." गार तर होतंच. माझी जीभ झडली नाही. चार बायका हळहळल्या, आपल्या पोरींचं असं नशीब नाही म्हणून, आणि मला ते आवडलं. काय सांगू काकी, लाज वाटते ती त्याचीच जास्त. पुढच्या वर्षी तू सुलूला पुढे केलंस. नको म्हटलं असतं तर माझं सगळं उघडं पडलं असतं.

सुलू सुरुवातीला माझ्याकडे नुसती बघायची. हिने चार शिव्या तरी घालाव्यात असं वाटायचं. गेल्या जत्रेआधी ती कोन घेऊन माझ्यासमोर बसली. "ताये, माका पण काढ. आवशीक दिसाक नको." मी काढली. फुंकर घालत घालत काढली. तू तिचेही हात कौतुकाने सगळ्यांना दाखवलेस.

परवा तुझा फोन आला. धाकट्या चिमीची बारावीची परीक्षा झाली की तिलाही घेऊन जा, म्हणालीस. मी म्हटलं, बघूया. फोन ठेवला तर सुलू मागेच उभी. "चिमीक नको," म्हणाली आणि भात वाढायला गेली.

म्हणून लिहिते आहे. फोनवर जीभ पुन्हा फिरेल, माझा मला भरवसा नाही. चिमीला पाठवू नकोस. यंदा जत्रेला आम्ही दोघी मेंदी न लावता येऊ आणि तुझ्या पडवीत उजेडात बसू. तुला काय बोलायचं ते बोल, मी मान खाली घालून ऐकेन.

लहानपणी मी दुपारी तुझ्याकडेच पेज जेवायचे. आई कुंपणापलीकडून ओरडायची, "तुझा घर खंय गो?" तेव्हा कधी विचार करावा लागला नाही. आता तुलाच विचारते. सुलूचे हात बघितल्यावरही मला पेज वाढशील?